आपत्ती निसर्गाची, यादी मालकाची : मिसिसिपीतल्या एका काउंटीचा धडा

अतिवृष्टी झाली, गारपीट झाली, दुष्काळ पडला की सरकार पॅकेज जाहीर करतं. मग चर्चा सुरू होते ती एकाच गोष्टीची : हेक्टरी किती? विरोधक म्हणतात कमी आहे, सत्ताधारी म्हणतात आजवरची सर्वांत मोठी मदत आहे. या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्याच्याकडे हेक्टरच नाही, त्याचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी आणि शेतमजुरांनी याच प्रश्नासाठी पिढ्यान् पिढ्या किंमत मोजली आहे. पूर आणि दुष्काळ दोन्ही रंगांच्या लोकांवर आले. सरकारी मदतही आली. पण ती मदत वाटून झाल्यावर गोऱ्या मालकाची जमीन वाढलेली असे आणि काळ्या शेतकऱ्याची गेलेली असे. हे कसं घडलं, ते चळवळीतल्या प्रत्येक तरुणानं समजून घेतलं पाहिजे. कारण ती यंत्रणा आपल्या ओळखीची आहे.

सनफ्लॉवर काउंटी

मिसिसिपी राज्यात मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधे काळ्या कसदार मातीचा एक सपाट पट्टा आहे. त्याला डेल्टा म्हणतात. या पट्ट्यात सनफ्लॉवर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक. १९६० च्या सुमारास इथली जवळपास दोन तृतीयांश लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. कापूस तेच पेरत होते, तेच वेचत होते. जमीन मात्र मूठभर गोऱ्या घराण्यांची होती.

शाळांमधला वर्णभेद बेकायदेशीर ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे १९५४ मध्ये आला आणि त्याला विरोध करणारी पहिली ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’ दोनच महिन्यांत याच काउंटीच्या इंडियनोला गावात स्थापन झाली. मिसिसिपीचा कुप्रसिद्ध पार्चमन तुरुंगही याच काउंटीत. वर्णवर्चस्वाचा बडा पुढारी, सिनेटर जेम्स ईस्टलंड, याचा हजारो एकरांचा कापसाचा मळाही इथेच, डॉड्सव्हिलला. आणि वर्णवर्चस्वाला भर सभेत आव्हान देणारी फॅनी लू हेमर ही शेतमजूर बाईदेखील इथलीच, रूलव्हिलची. मालक आणि मजूर यांच्यामधून सरकारी मदतीचा पैसा कुठल्या बाजूला वाहतो, हे पाहायला याहून चांगली जागा नाही.

पूर आला तेव्हा

एप्रिल १९२७ मध्ये मिसिसिपी नदीचा बांध माउंड्स लँडिंगजवळ फुटला आणि डेल्टाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. मदतीची सूत्रं हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे होती. ते तेव्हा व्यापारमंत्री होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. प्रत्यक्ष वाटप रेड क्रॉस करत होती. सनफ्लॉवरच्या शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, ग्रीनव्हिलच्या बांधावर हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं अडकली होती. त्यांना बोटीनं बाहेर काढता आलं असतं. पण एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार, ही मळेवाल्यांची भीती होती. म्हणून त्यांना बांधावरच ठेवलं गेलं. छावणीत नावाच्या चिठ्ठ्या लावून, पहाऱ्याखाली, बिनमजुरीनं काम करवून घेतलं गेलं. अनेक ठिकाणी रेड क्रॉसचं धान्य थेट कुटुंबांना न देता मळेमालकाच्या हाती सोपवलं गेलं आणि काही मालकांनी ते आपल्या बटाईदारांच्या नावावर उधारीत लिहिलं.

इथे पहिला नियम दिसतो. मदत ज्याच्या हातून वाटली जाते, त्याच्या हातातली सत्ता वाढते. पुरानं मालकाची पकड सैल व्हायला हवी होती. मदतीनं ती आणखी घट्ट केली.

तीन वर्षांनी, १९३०-३१ मध्ये दुष्काळ पडला. काँग्रेसनं साडेचार कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ते कशासाठी? बियाणं, खत आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी. माणसांच्या अन्नासाठी हा पैसा द्यायला हूव्हर सरकारचा विरोध होता. माणसाला फुकट खायला दिलं तर तो आळशी होतो, हा त्यामागचा विचार. खेचराला चारा सरकारी पैशानं आणि ते खेचर हाकणाऱ्यानं उपाशी राहायचं! शेत ही मालमत्ता, खेचर ही मालमत्ता. बटाईदार मात्र कुणाच्याच मालमत्तेच्या यादीत नव्हता, म्हणून तो नुकसानीच्या यादीतही नव्हता.

साडेचार सेंटांचा हिशेब

१९३३ मध्ये रूझवेल्ट यांचं सरकार आलं. मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. भाव चढावेत म्हणून शेतकऱ्यांनी कमी पेरा करावा आणि त्याबद्दल सरकारनं पैसे द्यावेत, असा कायदा झाला. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला. आज अमेरिकेत शेतीला जी सरकारी मदत मिळते, तिचा पाया या कायद्यानं घातला.

आता १९३४-३५ च्या कापूस-कराराची वाटणी पाहा. जो कापूस पिकवायचा नाही, त्याच्या दर पौंडामागे सरकार साडेचार सेंट देई. त्यातले साडेतीन सेंट जमिनीचं भाडं म्हणून थेट मालकाला. उरलेला एक सेंट पिकातल्या वाट्यानुसार, म्हणजे अर्धेलीनं कसणाऱ्याला अर्धा सेंट. मालकाला चार, कसणाऱ्याला अर्धा. आणि तो अर्धाही मालकाच्या हातून यायचा, म्हणजे बहुतेकदा उधारीत वळता व्हायचा. शिवाय पेरा कमी झाला म्हणजे कुळंही कमी लागणार. सरकारी पैसा घेऊन मालकांनी कुळांना हाकललं.

याविरुद्ध जुलै १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा इथे गोऱ्या आणि काळ्या बटाईदारांनी एकत्र येऊन ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ काढली. वॉशिंग्टनमधल्या काही तरुण वकील-अधिकाऱ्यांनी करारातल्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूनं लावला. परिणाम काय झाला? फेब्रुवारी १९३५ मध्ये जेरोम फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कृषी खात्यातून काढून टाकण्यात आलं. दुसऱ्या बाजूला, डेल्टामधल्या एका अवाढव्य कापूस कंपनीचे प्रमुख ऑस्कर जॉन्स्टन हेच ही योजना राबवणाऱ्या यंत्रणेत वरच्या पदावर होते. पैसे देणारे तेच, घेणारेही तेच.

तीन माणसांची समिती

या योजनांची सगळ्यांत टिकाऊ देणगी म्हणजे काउंटी समिती. कुणाच्या शेतात किती कापूस पेरायचा, कुणाचं सरासरी उत्पन्न किती धरायचं, नुकसान किती झालं, कुणाला अनुदान द्यायचं, हे वॉशिंग्टनमधून ठरत नसे. ते गावोगावचे शेतकरी निवडून देत त्या समित्या ठरवत. कागदावर किती सुंदर! स्थानिक लोकशाही, विकेंद्रीकरण, शेतकऱ्यांचं राज्य.

बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याबद्दल काय म्हटलं होतं ते आपल्याला माहीत आहे. ज्या खेड्यात उतरंड आहे, तिथे खेड्याला दिलेली सत्ता म्हणजे उतरंडीच्या माथ्यावर बसलेल्याला दिलेली सत्ता. मिसिसिपीत हे तंतोतंत खरं ठरलं. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या काउंटी समित्यांवर कृष्णवर्णीय माणूस नव्हता. १९६४ च्या हिवाळ्यात नागरी हक्क चळवळीतल्या विद्यार्थ्यांनी या समित्यांच्या निवडणुकीत काळे शेतकरी उभे केले, तेव्हा कार्यकर्त्यांना मारहाण झाली. मतदानाचा हक्क मागणं एक वेळ सहन होईल, पण कापसाच्या वाटणीच्या समितीत बसणं मळेवाल्यांना सहन होणार नव्हतं. कुठल्या खुर्चीत खरी सत्ता आहे, हे मालकाला बरोबर कळतं.

मदत रोखणं हेही हत्यार होतंच. सनफ्लॉवरला लागून असलेल्या लफ्लोर काउंटीत कृष्णवर्णीयांनी मतदार नोंदणी सुरू केली, तेव्हा १९६२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तिथल्या काउंटी मंडळानं केंद्राकडून येणारं शिधावाटप बंद केलं. त्या शिध्यावर सुमारे २२ हजार लोक जगत होते आणि त्यात बहुसंख्य काळे होते. धान्य वॉशिंग्टनचं, पण गोदामाची किल्ली गावातल्या सवर्णाकडे. ‘सवर्ण’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

हेमर आणि ईस्टलंड

फॅनी लू हेमर वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होत्या. वडिलांनी काटकसर करून खेचरं घेतली, कुटुंब जरा वर येऊ लागलं, तर कुणा गोऱ्यानं खेचरांना विष घातलं. ही हकिकत त्या स्वतः सांगत. ऑगस्ट १९६२ मध्ये त्या मतदार नोंदणीसाठी इंडियनोलाला गेल्या आणि त्याच दिवशी, अठरा वर्षं जिथे राबल्या त्या मळ्यावरून त्यांना घालवून देण्यात आलं.

त्याच काउंटीतल्या ईस्टलंड यांच्या मळ्याला १९६७ या एका वर्षात सरकारी शेती कार्यक्रमांतून दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. हे महाशय गरिबांसाठीच्या योजनांना विरोध करत आणि सिनेटच्या कृषी समितीवर बसत. ‘फुकटे’ कोण, हा प्रश्न तेव्हाही उलटाच विचारला जात होता.

हेमर यांनी १९६९ मध्ये ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभी केली. चाळीस एकरांपासून सुरुवात झाली, पुढे जमीन सहाशे एकरांच्या वर गेली. भाजीपाला, डुकरांची बँक, घरं. उपाशी राहून मत मागता येत नाही, हे त्यांना कळलं होतं. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर आणि दुष्काळ यांनी पिकं गेली, कर्जाचे हप्ते थकले आणि त्या दशकाच्या मध्यावर बहुतेक जमीन हातची गेली. आपत्ती तीच, काउंटी तीच. मोठ्या मळ्यांना तोलून धरायला सरकार होतं. फ्रीडम फार्म देणग्यांवर उभं होतं आणि देणग्या आटल्यावर कोसळलं. १९७७ मध्ये हेमर गेल्या.

उशीर हेच हत्यार

कुणी म्हणेल, शेती यांत्रिक झाली, छोटे शेतकरी सगळीकडेच संपले, त्यात वंश कुठे आला? आकडे पाहू. १९२० मध्ये अमेरिकेत ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. १९९२ मध्ये १९ हजारही उरले नाहीत. याच काळात देशातल्या एकूण शेतांची संख्या साधारण ७० टक्क्यांनी घटली, काळ्या शेतकऱ्यांची ९८ टक्क्यांनी. हा फरक ट्रॅक्टरनं केलेला नाही.

तो कसा झाला ते न्यायालयात नोंदलं गेलं आहे. उत्तर कॅरोलिनाचे शेतकरी टिमथी पिगफर्ड आणि इतरांनी १९९७ मध्ये कृषी खात्यावर खटला भरला. मुद्दा कर्जाचा होता, तसाच आपत्ती मदतीचाही. पद्धत अशी होती : काळा शेतकरी अर्ज मागायला गेला की ‘अर्ज संपलेत’. अर्ज भरला तर तो महिनोन् महिने पडून. पैसे मिळाले तर पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर, तेही कमी आणि अधिकाऱ्याच्या सहीशिवाय काढता न येणारे. पेरणी उशिरा, म्हणून उत्पन्न कमी. उत्पन्नाची नोंद कमी, म्हणून पुढच्या आपत्तीत भरपाई कमी. मग हप्ता थकतो, मग लिलाव. जमीन घेणारा बहुतेकदा शेजारचा गोरा शेतकरी. कुठेही ‘काळ्यांना देऊ नका’ असं लिहिलेलं नाही. फक्त उशीर.

तक्रार करावी तर कुठे? १९८३ मध्ये रेगन सरकारच्या काळात कृषी खात्याचं नागरी हक्क कार्यालयच मोडीत काढलं गेलं. तक्रारी येत राहिल्या, चौकशी करणारं कुणी नव्हतं. देशभरातल्या ८,१४७ काउंटी समिती सदस्यांपैकी फक्त ३७ कृष्णवर्णीय होते, हा आकडा न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांच्या एप्रिल १९९९ च्या निकालात आहे. गुलामीतून सुटलेल्यांना १८६५ मध्ये दिलेल्या चाळीस एकरांच्या न पाळलेल्या वचनापासूनच त्या निकालाची सुरुवात होते.

तडजोडीत बहुतेकांना ५० हजार डॉलर आणि कर्जमाफी असं ठरलं. सुमारे २२,७०० दावे पात्र ठरले, त्यातले सुमारे १५,६०० मंजूर झाले. मुदतीत अर्ज पोचला नाही म्हणून ६० हजारांहून अधिक लोक बाहेर राहिले. त्यांच्यासाठी २०१० मध्ये १२५ कोटी डॉलरची दुसरी तडजोड करावी लागली. पण ५० हजार डॉलरमध्ये गेलेली जमीन परत येत नाही. तोवर अनेक जण म्हातारे झाले होते, अनेक मेले होते.

पुढे २०२१ मध्ये कृष्णवर्णीय आणि इतर वंचित शेतकऱ्यांसाठी सुमारे ४०० कोटी डॉलरची कर्जमुक्ती मंजूर झाली. लगेच गोरे शेतकरी न्यायालयात गेले : हा आमच्यावर अन्याय आहे, समानतेचा भंग आहे! न्यायालयांनी स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. त्याऐवजी भेदभाव सोसलेल्या कुणालाही अर्ज करता येईल अशी योजना आली आणि २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक लोकांना सुमारे २०० कोटी डॉलर मिळाले. जुलै २०२५ मध्ये कृषी खात्यानं ‘सामाजिकदृष्ट्या वंचित शेतकरी’ ही वर्गवारीच यापुढे वापरणार नसल्याचं जाहीर केलं. शंभर वर्षं वंश पाहून मदत दिली तेव्हा समानता कुणाला आठवली नाही. भरपाई द्यायची वेळ आली आणि सगळे एकदम ‘गुणवत्तावादी’ झाले. हा युक्तिवाद आपण आरक्षणाच्या बाबतीत रोज ऐकतो.

कागद नाही, म्हणून माणूस नाही

एक गोष्ट आणखी. दक्षिणेतल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांकडे जी जमीन उरली, ती आजोबा-पणजोबांच्या नावावर आहे. मृत्युपत्र नाही, वाटणीपत्र नाही. कारण वकील आणि न्यायालय दोन्ही गोऱ्यांचे, त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? स्पष्ट मालकीपत्र नाही म्हणून कृषी खात्याचा शेत क्रमांक मिळत नसे, आणि क्रमांक नाही म्हणून आपत्ती मदत नाही. संघटनांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा २०१८ च्या शेती कायद्यात पर्यायी कागदपत्रं चालतील अशी तरतूद झाली. कसणारा कोण हे कागदावर नाही तर शेतात पाहा, एवढं साधं मान्य करून घ्यायला एवढा काळ लागला.

आता आपल्याकडे या. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार पीक नुकसानीची मदत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. आधार काय? सातबारा. गायरान कसणाऱ्या भूमिहीन दलित-आदिवासींचं काय? १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासनाचा निर्णय आहे, तरी कितीतरी कुटुंबांच्या नावावर अजून सातबारा नाही. बटाईनं कसणाऱ्याचं काय? कूळ लागेल या भीतीनं मालक करार कागदावर आणतच नाही, म्हणून भरपाई मालकाच्या खात्यात आणि नुकसान बटाईदाराच्या डोक्यावर. आणि सोयाबीन सडल्यावर ज्या बाईची सोंगणीची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कोण करतं?

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती सामूहिकरीत्या कसली जावी, जात-धर्म न पाहता वाटली जावी, म्हणजे ना कुणी जमीनदार उरेल, ना कूळ, ना भूमिहीन मजूर, अशी मांडणी का केली, हे या इतिहासातून कळतं. जमिनीच्या मालकीला हात न लावता दिलेली प्रत्येक मदत मालकीच्या प्रमाणातच वाटली जाणार. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याकडे लक्ष वेधलं होतं. ते साम्य फक्त अपमानाचं नव्हतं, जमिनीचंही होतं. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले ते याच समजुतीतून.

आणि आपल्याच महाराष्ट्रानं वेगळी वाटही दाखवली आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो मजूर रस्त्याच्या कामांवर उतरले, त्यांनी मोर्चे काढले, आणि त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. आपत्तीत मदत मिळवायला सातबारा लागत नव्हता, काम मागणारे हात पुरेसे होते. म्हणजे नुकसान मालकीवरून न मोजता उपजीविकेवरून मोजता येतं. वर सांगितलेल्या केंद्राच्या निकषांतही, आपत्तीत ज्यांची उपजीविका गंभीरपणे बुडाली अशा कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या दरानं मदत देण्याची तरतूद आहे. किती गावांत शेतमजुरांच्या याद्या या तरतुदीखाली झाल्या? विचारा.

मित्रांनो, पुढच्या वेळी गावात पंचनामा होईल तेव्हा तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक कुणाच्या ओसरीवर बसून यादी करतात ते पाहा. लाभार्थी यादी ग्रामसभेत वाचायला लावा. न दिल्यास माहिती अधिकारात मागा. गायरान कसणाऱ्यांच्या पिकांची नोंद, फोटो, साक्षीदारांचे जबाब आपत्तीच्या आधीच तयार ठेवा. बटाईदार आणि मजूर यांची स्वतंत्र यादी आपण करून तहसीलदाराला लेखी द्या आणि पोच घ्या. पिगफर्ड खटला उभा राहू शकला तो ज्यांनी नाकारलेले अर्ज आणि पत्रं जपून ठेवली त्यांच्यामुळे. पुराव्याशिवायचा अन्याय न्यायालयाच्या लेखी घडलेलाच नसतो.

सनफ्लॉवर काउंटीत पाऊस कुणाचा रंग पाहून पडला नाही. रंग पाहिला तो यादी करणाऱ्यानं. आपल्या गावात यादी कोण करतं?

जय भीम!